घामाने भिजवणारा कंपवात, घाम आटवणारा एमएसए

रात्री अंथरूण घामाने ओलंचिंब होतं, कपडे बदलावे लागतात, ताप मात्र नसतो. कंपवाताचा म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथे हे नवीन नाही. दुसऱ्या एखाद्या रुग्णाचं नेमकं उलटं: उन्हातून चालत आला तरी कपाळ कोरडं, अंग नुसतं तापलेलं. दोघांच्याही हालचाली मंद, स्नायू ताठ, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. त्यामुळे दोघांनाही आधी ‘कंपवात’च म्हटलं जातं. दुसऱ्याला मात्र मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एमएसए, हा मेंदूचा वेगळाच आजार असू शकतो.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही आजारांत अल्फा-सिन्युक्लीन हेच प्रथिन साचतं. कंपवातात ते चेतापेशींमध्ये साचतं, एमएसएमध्ये मुख्यतः चेतातंतूंना वेष्टण पुरवणाऱ्या पेशींमध्ये.

कंपवातातला घाम बहुतेकदा चेहरा, मान आणि धडावर येतो. त्याची वेळ टिपून ठेवावी. लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाचा असर उतरताना घाम फुटतो, नाहीतर असर चढलेला असून अंग आपोआप वळवळत असतं तेव्हा. पहिल्या प्रकारात गोळ्यांच्या वेळा बदलून बरंच काम भागू शकतं. हा बदल अर्थात डॉक्टरांनीच करायचा. तळहात-तळपाय मात्र कोरडे असू शकतात.

एमएसएमध्ये बिघाड मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो. घामाच्या ग्रंथी शाबूत असल्या तरी वरून हुकूमच येत नाही. शरीराच्या मोठ्या भागाचा घाम बंद होतो आणि उकाडा धोक्याचा ठरतो. पण हा निष्कर्ष काढण्याआधी गोळ्यांची पाकिटं तपासा! कंपासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिलही घाम आटवतं, कारण घामग्रंथींना निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत पोहोचतो आणि हे औषध तोच निरोप अडवतं.

उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरणं दोन्हींत दिसतं. एमएसएमध्ये ते लवकर सुरू होतं आणि जास्त तीव्र असतं. लघवी अडणं किंवा नकळत होणं हेही एमएसएमध्ये सुरुवातीलाच दिसतं. कंपवातात लघवीच्या तक्रारी सहसा पुढे येतात. लेव्होडोपाने कंपवाताच्या रुग्णाला स्पष्ट फरक पडतो, एमएसएमध्ये फारसा नाही, किंवा पडला तरी टिकत नाही. हृदयाच्या चेतातंतूंचा एमआयबीजी स्कॅन कधीकधी मदतीला येतो: कंपवातात तो बहुधा फिका, एमएसएमध्ये बऱ्याचदा ठीक. अर्थात यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही, घामसुद्धा नाही.

झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नातली मारामारी बिछान्यात करणं हा रेम म्हणजे स्वप्नांच्या झोपेतला विकार 1986 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. तो दोन्ही आजारांच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतो. त्यामुळे दोघांतला फरक ओळखायला त्याचा उपयोग नाही.

एक रात्रीची खूण मात्र एमएसएकडे बोट दाखवते. श्वास आत घेताना येणारा उंच, ताणलेला आवाज. घरचे त्याला घोरणं समजतात. तो स्वरयंत्राची वाट अरुंद झाल्यामुळे येतो आणि जिवावर बेतू शकतो. तो मोबाइलवर रेकॉर्ड करून लगेच न्यूरॉलॉजिस्टला ऐकवावा, पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.