अमेरिकेत स्त्रीहक्कांच्या पिटिशनवर सही करताना आणि सह्या गोळा करताना: पात्रता, कागदपत्रं आणि सह्या बाद होण्याची कारणं

आर्कान्सॉ राज्यात गर्भपाताच्या हक्कासाठी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणायची होती. ९०,७०४ सह्या हव्या होत्या आणि ५ जुलै २०२४ ला एक लाखाच्या वर सह्या जमा केल्या गेल्या. पाच दिवसांनी सेक्रेटरी ऑफ स्टेटनं, म्हणजे निवडणुका सांभाळणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यानं, अख्खा गठ्ठा नाकारला. सह्या खोट्या निघाल्या म्हणून नव्हे. पैसे देऊन नेमलेल्या सर्क्युलेटरना, म्हणजे सह्या गोळा करणाऱ्यांना, नियमपुस्तिका दिली, नियम समजावले, असं लिहून देणारा कागद गठ्ठ्यासोबत नव्हता. तसं प्रमाणपत्र आठवडाभर आधी दिलेलं होतं, पण ते ‘सोबत’ नव्हतं आणि त्यावर सही होती सह्या गोळा करणाऱ्या कंपनीच्या माणसाची. पगारी लोकांच्या चौदा हजारांवर सह्या त्यापायी गेल्या. स्वयंसेवकांच्या सह्यांना हा कागद लागत नाही, म्हणून कोर्टानं तेवढ्याच मोजायला लावल्या. त्या ८७ हजारांच्या पुढे भरल्या, म्हणजे तीनेक हजारांनी कमी. २२ ऑगस्टला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी नकार कायम केला आणि विषय संपला.

आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद करण्यासाठी, गावोगाव फिरलेल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. आधी सह्या, मग सह्यांची पडताळणी, मग मतदान. मतदानापर्यंत पोहोचू न देण्याची खरी जागा मधल्या पायरीवर असते. अमेरिकेतही तेच. जून २०२२ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर हा लढा राज्याराज्यांच्या मतपत्रिकेवर आला. अमेरिकेतल्या मराठी बायकाही त्यात सही करायला, सह्या गोळा करायला पुढे येतात. त्यांच्या सह्या बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत आणि बहुतेक टाळता येण्यासारखी आहेत.

आधी राज्य बघा

नागरिकांनी सह्या करून थेट मतपत्रिकेवर प्रश्न आणायची सोय साधारण निम्म्याच राज्यांत आहे. आपली माणसं जिथे दाटीनं राहतात त्या न्यू जर्सी, टेक्सस, न्यूयॉर्क, जॉर्जिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया इथे ती नाही. तिथे घटनादुरुस्ती विधिमंडळातूनच यावी लागते. न्यूयॉर्कचा २०२४ चा समान हक्कांचा प्रस्ताव तसाच आला होता. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किराणा दुकानाबाहेर कुणी ‘राज्यघटना बदलायचं पिटिशन’ म्हणून कागद पुढे केला, तर ते फार तर आमदाराला द्यायचं निवेदन असतं. करा सही, पण त्यातून मतदान होणार नाही.

कॅलिफोर्निया, ओहायो, मिशिगन, फ्लोरिडा, ॲरिझोना, मिसुरी, वॉशिंग्टन या राज्यांत सोय आहे. मात्र वॉशिंग्टनमध्ये कायदा आणता येतो, घटनादुरुस्ती नाही.

पात्रता: सही, सह्या गोळा करणं आणि पैसे, तिन्ही वेगळे

सही फक्त नोंदणीकृत मतदाराची, म्हणजे अमेरिकी नागरिकाची. एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसा, ग्रीन कार्ड, कुणालाच चालत नाही. ‘नुसती सही तर आहे, मत कुठे देतेय’ असं म्हणून सही करणाऱ्या बायका असतात, आणि आग्रह करणारी मुलगी तिशीतली, हसरी असते, नाही म्हणवत नाही. म्हणा. त्या कागदावर छापलेलं असतं की सही करणारी व्यक्ती त्या राज्याची मतदार आहे. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात दोन प्रश्न येतात: तुम्ही कधी मतदार म्हणून नोंद केली होती का, आणि स्वतःला कधी अमेरिकी नागरिक म्हणवलं होतं का. नागरिकत्वाचा खोटा दावा ही देशाबाहेर काढण्यापर्यंत जाणारी गोष्ट आहे. लायसन्ससाठी डीएमव्हीत गेल्यावर मतदार नोंदणीच्या चौकोनात घाईत खूण करणाऱ्यांनाही हेच लागू. खूण झालीच असेल तर एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. ते गप्प बसून निभत नाही.

सह्या गोळा करण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक ठिकाणी वय १८ पूर्ण एवढंच लागायचं, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्या बायका क्लिपबोर्ड घेऊन उभ्या राहायच्या. मे २०२५ मध्ये फ्लोरिडानं कायदा करून बिगरनागरिकांना आणि राज्याबाहेरच्यांना मनाई केली. शिवाय स्वतःचं आणि घरच्यांचं सोडून २५ पेक्षा जास्त फॉर्म नोंदणी न करता गोळा करणं हा गंभीर गुन्हा ठरवला. कायदा कोर्टात गेला. मोहिमेचा वकील लेखी ‘चालेल’ म्हणेपर्यंत तिथे नागरिक नसलेल्यांनी क्लिपबोर्ड हातात घेऊ नये.

पैशांचंही तसंच. ओहायोनं २०२४ मध्ये परदेशी नागरिकांना, त्यात ग्रीन कार्डवालेही आले, मतपत्रिकेवरच्या प्रश्नांच्या मोहिमेला देणगी द्यायला बंदी केली. त्यावरही कोर्टकचेरी झाली. पंचवीस डॉलरसाठी ही भानगड ओढवून घेऊ नका. देणगी नागरिक असलेल्यानंच, स्वतःच्या खात्यातून द्यावी. नवऱ्याच्या कार्डावरून बायकोच्या नावानं नको.

कागदपत्रं

सही करायला बहुतेक राज्यांत कागदपत्र लागत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पुरावा मागत नाहीत म्हणजे तपासत नाहीत असं नाही. तपासणी नंतर, तुमच्या पाठीमागे, मतदार यादीशी ताडून होते. म्हणून एकच काम आधी करा: राज्याच्या संकेतस्थळावर स्वतःची मतदार नोंद उघडून नाव, पत्ता आणि स्थिती बघा.

पत्ता. भाड्याचं घर बदललं, लायसन्सवर बदललं, मतदार नोंदीत राहिलं. सही बाद होण्याचं हे नेहमीचं कारण. पोस्ट बॉक्स किंवा ऑफिसचा पत्ता चालत नाही. राहता पत्ता लागतो, तोही नोंदीतला.

नाव. माहेरचं आडनाव पासपोर्टवर, सासरचं नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर, मधल्या नावाच्या जागी कधी नवरा, कधी वडील, कधी नुसतं आद्याक्षर. मतदार यादीत जसं आहे तसंच लिहा. सहीही तीच, जी नोंदणीच्या वेळी किंवा लायसन्सवर केली होती. बँकेत मराठीत आणि इथे इंग्रजीत सही करणाऱ्या बायकांनी आपली नोंदणीची सही कुठली ते आठवून ठेवावं.

स्थिती. काही वर्षं मतदान केलं नाही आणि निवडणूक कार्यालयाचं पत्र परत गेलं की नाव ‘इनॲक्टिव्ह’ होतं. नाव यादीतून गेलेलं नसतं. तरी २०२४ मध्ये मॉन्टानात सह्या जमा झाल्यानंतर अशा मतदारांच्या सह्या बाद धरायचा फतवा निघाला. कोर्टानं त्या मोजायला लावल्या, पण तोवर मोहिमेचे दिवस वकिलांमागे धावण्यात गेले. नोंद ताजी ठेवलीत तर या वादात तुमची सही सापडत नाही.

नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली असेल तर आधी नोंदणी, मग सही. कॅलिफोर्नियात त्याच दिवशी नोंदणीचा फॉर्म भरून तो पिटिशन दाखल होण्याआधी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पोहोचला तर सही धरतात. बाकीच्या राज्यांत हे गृहीत धरू नका.

आणि घरातल्या सगळ्यांच्या ओळी एकाच हातानं भरायच्या नाहीत. कॅलिफोर्नियात नाव, पत्ता, सही हे ज्याचं त्यानंच लिहायचं असतं. ‘आईला इंग्रजी लिहायला वेळ लागतो, मीच भरते’ या मायेपोटी आईची सही जाते. लागू दे वेळ. एकाच पिटिशनवर दोनदा सही झाली तर जादाची बाद होते, आणि काही राज्यांत जाणूनबुजून दोनदा करणं गुन्हा आहे. मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात केली होती की नाही हे आठवत नसेल, तर करू नका.

सह्या गोळा करणारीसाठी

एक सही चुकली तर एक जाते. सर्क्युलेटरची चूक झाली तर अख्खा कागद जातो. त्यामुळे तुमची चूक पंचवीस बायकांना भोवते.

ओहायोचा कागद बघा. एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार. ८८ काउंट्या, त्यांतल्या किमान ४४ मध्ये ठरावीक टक्का भरावा लागतो. म्हणून कोलंबसच्या मंदिराबाहेर उभं राहताना फ्रँकलिन काउंटीचा एक कागद आणि डेलावेअर काउंटीचा दुसरा, असे वेगळे ठेवा. सही घेण्याआधी ‘कुठे राहता’ नको, ‘कुठल्या काउंटीत नोंद आहे’ असं विचारा. कागदाच्या शेवटी सर्क्युलेटरनं आपल्या देखत किती सह्या झाल्या तो आकडा लिहायचा असतो. प्रत्यक्षात २४ सह्या आणि तुम्ही लिहिलंत २३, की पूर्ण कागद बाद. आकडा सर्वांत शेवटी, दोनदा मोजून लिहा. घरातून निघतानाच ‘२५ तर होतीलच’ म्हणून लिहून ठेवू नका.

‘देखत’ याचा अर्थ शब्दशः घ्या. कागद योगाच्या वर्गात टेबलावर ठेवून चहा घ्यायला जायचं नाही, मैत्रिणीच्या घरी पाठवून भरून आणायचा नाही. आर्कान्सॉत तुमचं शपथपत्र नोटरीसमोर होतं. त्यावर सही केल्यावर ‘अजून एक राहिली’ म्हणून त्याच कागदावर नवी सही घेतली, तर ती सही तुमच्या शपथेनंतरची ठरते. नवा कागद घ्या. त्याच राज्यानं २०२५ मध्ये आणखी कायदे केले: सही करणारीचं फोटो ओळखपत्र पाहा, मतपत्रिकेवरचं शीर्षक तिला वाचून दाखवा किंवा तिनं स्वतः वाचलेलं असू द्या. त्यांनाही कोर्टात आव्हान दिलं गेलं. कागद कमी झाले असं कधी ऐकिवात नाही.

मुदत

मोहिमेनं सांगितलेली तारीख आणि सरकारी तारीख यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. त्या काळात मोहीम स्वतः सह्या तपासते, काउंटीवार लावते. ‘शेवटची तारीख तर जुलैत आहे’ असं म्हणून कागद पर्समध्ये ठेवले तर ते रद्दी. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करायला मिळणारे १८० दिवस ॲटर्नी जनरलनं (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानं) शीर्षक आणि सारांश दिल्याच्या दिवसापासून धावतात, पहिली सही झाली त्या दिवसापासून नाही. फ्लोरिडात भरलेला फॉर्म जमा करायची मुदत ३० दिवसांवरून १० वर आणली आहे.

सह्या दीडपट-दुप्पट का गोळा करतात याचं उत्तर इथेच आहे. ओहायोला २०२३ मध्ये ४,१३,४८७ हव्या होत्या, दिल्या सात लाखांवर, टिकल्या ४,९५,९३८. इतक्या बाद झाल्या म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. घर बदललेली माणसं, दुसऱ्या काउंटीचे कागद, दोनदा केलेल्या सह्या, यांचीच ती बेरीज असते.

तुमच्या हातात नसलेलं

मजकुराचं शीर्षक सरकार लिहितं आणि अडवणूक तिथे होते. मिसुरीत सेक्रेटरी ऑफ स्टेटनं लिहिलेल्या सारांशात पक्षपाती शब्द होते. ते कोर्टानं काढायला लावले, पण त्यात २०२३ साल गेलं आणि सह्यांना २०२४ चे मोजके महिने उरले. तरीही तीन लाख ऐंशी हजारांवर सह्या झाल्या. मिशिगनमध्ये २०२२ ला लागणाऱ्या सह्या होत्या ४,२५,०५९, दिल्या साडेसात लाख. छापलेल्या मजकुरात शब्दांमधली जागा पुरेशी सुटली नाही, शब्द एकमेकांना चिकटलेत, या हरकतीवर पिटिशन तपासणाऱ्या चार जणांच्या सरकारी मंडळात २-२ अशी बरोबरी झाली आणि प्रश्न अडला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आठवडाभरात तो मतपत्रिकेवर घालायला लावला. छपाईचा नमुना कुणी स्वतः ‘सुबक’ करून घरच्या प्रिंटरवर काढू नये, याला एवढं कारण पुरे.

एकाच विषयावर दोन विरुद्ध पिटिशन एकाच वेळी फिरतात हेही लक्षात ठेवा. नेब्रास्कात २०२४ ला तसं झालं. चुकीच्या कागदावर सही केल्याचं कळल्यावर ती मागे घ्यायला काही जणींना नोटरी केलेला अर्ज द्यावा लागला. क्लिपबोर्डवाली तोंडी काय सांगते ते ऐका, पण छापलेलं वाचा. पूर्ण मजकूर दाखवत नसेल तर सही नको.

सह्या टिकल्या, प्रश्न आला, तरी बहुमत म्हणजे विजय नव्हे. फ्लोरिडात ६० टक्के लागतात. २०२४ ला ५७ टक्के पडले आणि दुरुस्ती पडली. नेव्हाडात लागोपाठ दोन निवडणुकांत मंजुरी लागते. २०२४ ची झाली, दुसरी नोव्हेंबर २०२६ ला.

मत देताना क्रमांकावर विसंबू नका. ओहायोत ऑगस्ट २०२३ चा ‘इश्यू १’ घटनादुरुस्तीसाठी ६० टक्क्यांची अट घालणारा होता. हक्कांच्या बाजूच्यांचं मत ‘नाही’. तीन महिन्यांनी नोव्हेंबरचाही ‘इश्यू १’च, पण तिथे ‘हो’. कॅन्ससमध्ये २०२२ ला हक्क ‘नाही’नं वाचला. मिसुरीत २०२४ ला ‘अमेंडमेंट ३’ला ‘हो’ म्हणून हक्क मिळाला. नोव्हेंबर २०२६ साठी विधिमंडळानं ती दुरुस्ती रद्द करणारा प्रस्ताव ठेवला आहे आणि त्यालाही क्रमांक ३ च आहे. या वेळी हक्क ठेवायचा तर खूण ‘नाही’पुढे.