इन-सर्किट एम्युलेटर: सॉकेटपासून चिपच्या पोटापर्यंत

आज मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला बोटभर डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) जोडला, की प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबतो आणि रजिस्टरमधले (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांमधले) आकडे लॅपटॉपवर दिसू लागतात. ही सोय चिपमध्येच बांधलेली असते. सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये तिचा मागमूसही नव्हता, म्हणून ते काम बाहेरून करणारं यंत्र तयार झालं: इन-सर्किट एम्युलेटर.

१९७४ साली इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर बाजारात आला. तो वापरू पाहणारे अनेक जण मुळात लॉजिक गेट जोडून सर्किट बनवणारे. बिघाड ऑसिलोस्कोपवर शोधायचा, ही त्यांची सवय. आता सर्किटाचा मोठा भाग प्रोग्राम होऊन ईप्रॉममध्ये (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी-चिपमध्ये) गेला आणि स्कोपवर नुसत्या वरखाली उड्या मारणाऱ्या रेषा उरल्या. एखादी सूचना बदलायची तर ईप्रॉम उपटा, तिच्या पारदर्शक खिडकीतून अतिनील प्रकाश सोडून ती पुसा, नव्याने लिहा, परत बसवा. एका बदलात अर्धा तास सहज जायचा.

मॉनिटर प्रोग्राम, म्हणजे बोर्डावरच राहून मेमरी दाखवणारा आणि बदलू देणारा छोटा प्रोग्राम, हा एक उपाय होता. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या कित्येकांनी ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर तो वापरलेला असेल: हेक्स कीपॅडवर पत्ता टाकायचा, बाइट भरायचे आणि प्रोग्राम चालवायचा. पण मॉनिटर चालतो त्याच प्रोसेसरवर, जागा घेतो त्याच मेमरीतली. बोर्डाची मेमरी किंवा बसच (प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या तारा) बिघडलेली असेल, तर मॉनिटरसुद्धा सुरू होत नाही. म्हणजे खरी गरज असते नेमकं तेव्हाच तो हाताशी नसतो.

१९७५ मध्ये इंटेलने आपल्या एमडीएस-८०० या विकास-संगणकासोबत आयसीई-८० आणला (आयसीई म्हणजे इन-सर्किट एम्युलेटर). बोर्डावरचा ८०८० सॉकेटमधून काढायचा आणि ४० पिनांच्या त्या जागी केबलचं टोक खोचायचं. दुसऱ्या टोकाला एम्युलेटरचा स्वतःचा ८०८०. बोर्डाच्या दृष्टीने प्रोसेसर जागेवरच असायचा, पण त्याचा लगाम आता अभियंत्याच्या हातात असायचा. बसवरचा प्रत्येक पत्ता स्वतंत्र सर्किट तपासायचं, त्यामुळे ईप्रॉममधल्या प्रोग्रामलाही ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लावता यायचा. थांबण्याआधी बसवर काय काय घडलं, ते ट्रेस मेमरीत मागे जाऊन वाचता यायचं.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची सोय मेमरी मॅपिंगची. बोर्डावर अजून मेमरी बसवलेली नसली, तरी एमडीएसची रॅम त्या बोर्डाची आहे असं भासवता यायचं. हार्डवेअर पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअरवाल्याला हात बांधून बसावं लागायचं, ते यामुळे थांबलं. इंटेललाही हे हवंच होतं. ग्राहकाचं उत्पादन जितकं लवकर तयार होईल, तितकी चिपांची मागणी लवकर येणार.

पुढे १९७९ मध्ये एचपीने ६४००० ही प्रणाली काढली. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरसाठी एम्युलेटर बदलायचा, बाकीचं यंत्र तेच.

अडचणी चिपमधूनच उगवल्या. इंटेलच्या ८०४८ आणि ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रामची रॉम (कायमची मेमरी) चिपच्या आत गेली, त्यामुळे सूचना बाहेरच्या पिनांवर दिसेनाशा झाल्या. त्यासाठी बाँड-आउट चिप बनू लागल्या, म्हणजे आतल्या बसच्या तारा जादा पिनांवर बाहेर काढलेली खास आवृत्ती. ८०८६ या प्रोसेसरने वेगळाच पेच टाकला. तो ६ बाइटपर्यंत सूचना आगाऊ आणून रांगेत ठेवतो. बसवर सूचना दिसली म्हणजे ती चाललीच असं नाही. मध्येच उडी आली तर आणलेलं सगळं टाकून दिलं जातं. रांगेतून काय उचललं जातंय ते सांगणाऱ्या क्यूएस० आणि क्यूएस१ या दोन पिना इंटेलने ८०८६ च्या मॅक्सिमम मोडमध्ये दिल्या, म्हणून बाहेरच्या यंत्राला हिशेब लावणं शक्य झालं.

वेगापुढे मात्र इलाज चालेना. २ मेगाहर्ट्झच्या ८०८० चं एक क्लॉक-चक्र ५०० नॅनोसेकंदांचं. केबलमधून मीटरभर जायला सिग्नलला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, त्यात बफरचा (सिग्नल पुढे ढकलणाऱ्या सर्किटचा) उशीर. ५०० मध्ये हे खपून जातं. इंटेलच्याच ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ ला चक्रामागे ३० नॅनोसेकंदच मिळतात, तिथे केबल आणि बफरच बराचसा वेळ खाऊन टाकतात. १९८९ च्या ४८६ मध्ये ८ केबीची कॅश (लागणाऱ्या सूचना जवळ ठेवणारी वेगवान मेमरी) चिपच्या आत आली आणि बस पाहून प्रोग्रामचा माग काढणं जवळजवळ संपलं.

मग पाहणारं यंत्रच आत न्यावं लागलं. मोटोरोलाने आपल्या ६८३३२ या चिपमध्ये बॅकग्राउंड डीबग मोड, म्हणजे प्रोसेसर थांबवून त्याच्या आत पाहायची सोय, दिली. दुसरा रस्ता निघाला कारखान्यातून. बोर्डावरचे सोल्डरचे टाके नीट बसलेत का, हे सुया न टेकवता तपासायला १९८५ मध्ये जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन गट जमला. १९९० मध्ये त्यातून आयईईई ११४९.१ हे मानक आलं, तेच आपलं जेटॅग. त्याच तारांवरून प्रोसेसरच्या अंतरंगातही जाता येतं, हे चिप बनवणाऱ्यांनी हेरलं. एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातला शेवटचा ‘आय’ एम्बेडेड-आयसीईचा. त्यात पत्ता आणि डेटा तपासणारी फक्त दोन युनिट होती, पण ती प्रत्येक चिपमध्ये होती. महागड्या एम्युलेटरची सद्दी संपवायला तेवढं पुरलं.

किंमत उतरली, तशी काही ताकदही गेली. एआरएमच्याच पुढच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरला दोन तारांवरून डीबगर जोडता येतो, पण फ्लॅश मेमरीमधल्या (जिथे प्रोग्राम साठवतात) सूचनांसाठी त्यात हार्डवेअर ब्रेकपॉइंट मिळतात सहा. सातवा हवा असेल तर आधीचा एक सोडावा लागतो, नाहीतर डीबगरला फ्लॅशमधली सूचनाच तात्पुरती बदलून लिहावी लागते. शिवाय मोटर फिरत असताना प्रोसेसर मध्येच थांबवला तर मोटर चालवणाऱ्या सर्किटाचे ट्रान्झिस्टर जळू शकतात, तिथे न थांबवता नोंद घेणारा ट्रेसच लागतो. एआरएमने त्यासाठी एम्बेडेड ट्रेस मॅक्रोसेल बनवला, पण तो ठेवायचा की गाळायचा हे चिप बनवणारी कंपनी ठरवते, आणि पैसे वाचवायला स्वस्त चिपमधून तो बऱ्याचदा गाळलेला असतो.