जेल गाळण

सच्छिद्र माध्यमातील विसरणाचा (रेणूंच्या आपोआप पसरण्याचा) उपयोग करून प्रथिने रेणूंच्या आकारानुसार वेगळी करण्याची वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) पद्धत. स्तंभातील, म्हणजे उभ्या नळीत भरलेल्या, जेलच्या मण्यांच्या छिद्रांत लहान रेणू शिरून रेंगाळतात. मोठे रेणू मण्यांमधल्या फटींतून वाहत आधी बाहेर पडतात.

पद्धतीचे जनकत्व सर्रास पोराथ व फ्लोडिन (उप्साला, स्वीडन, १९५९) यांना दिले जाते. त्यांचे डेक्स्ट्रानचे (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचे) मणी पुढे सेफॅडेक्स नावाने रूढ झाले. तथापि लेथ व रुथव्हेन यांनी १९५५-५६ मध्ये स्टार्चच्या स्तंभांवर रेणुभारानुसार विलगीकरण साधले होते. लिंडक्विस्ट व स्टोरगॉर्ड्‌स यांचे स्टार्चच्या चाळणीसारख्या गुणधर्मावरील टिपणही १९५५ चेच. तत्त्वाचा मान या पूर्वसूरींकडे व व्यवहार्य पद्धतीचा उप्सालाकडे जावा, हे अधिक न्याय्य दिसते.

कारणमीमांसाही वादग्रस्त राहिली. ॲकर्स (१९६४) यांनी काही जेलांबाबत छिद्रांतील अडखळत्या विसरणाला महत्त्व दिले. लॉरेंट व किलँडर (१९६४) यांनी ऑग्स्टन यांच्या गणिताच्या आधारे, तंतूंच्या जाळ्यात रेणूला मावायला किती जागा उरते, यावर भर दिला. प्रवाहाचा वेग बदलला तरी प्रथिन साधारण तेवढाच द्रव वाहून गेल्यावर बाहेर येते. त्यामुळे दुसरे मत ग्राह्य वाटते. विसरणाचा प्रभाव मुख्यतः स्तंभातून उतरणाऱ्या प्रथिनाच्या पट्ट्याच्या रुंदीवर पडतो आणि तो थोडा नाही. छिद्राच्या निम्म्या व्यासाच्या रेणूचे विसरण, रेंकिन यांच्या १९५४ च्या सूत्रानुसार, मोकळ्या पाण्यातील विसरणाच्या सुमारे ५ टक्क्यांवर येते. म्हणून प्रथिनांचे स्तंभ सावकाश चालवावे लागतात.

कोल्हापुरात प्रात्यक्षिकासाठी उत्तम नमुना म्हणजे म्हशीच्या दुधाची निवळी. गंगावेशीत धारोष्ण प्यायले जाते तेच दूध, साय काढून पीएच ४.६ वर आणले की केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन साकळते. गाळून उरलेल्या पाण्यात, म्हणजे निवळीत, लॅक्टोज ही दुधातील साखर (रेणुभार ३४२) आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमीन (सु. १४,०००) व बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन (सु. १८,०००) ही प्रथिने उरतात. सेफॅडेक्सच्या बारीक छिद्रांच्या जी-२५ प्रकारावर दोन्ही प्रथिने एकत्रच पुढे येतात, लॅक्टोज मागून. प्रथिने एकमेकांपासून सोडवायला मोठ्या छिद्रांचे जी-७५ लागते. उदासीन बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात) बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन जोडीने, म्हणजे सु. ३६,००० रेणुभाराने वावरते, म्हणूनच हे जमते. नमुन्याआधी स्तंभ नीट भरला आहे का हे निळे डेक्स्ट्रान (रंगवलेले डेक्स्ट्रान) सोडून पाहावे. त्याचा पट्टा आडवा, सरळ उतरला पाहिजे. तिरपा झाल्यास स्तंभ पुन्हा भरणेच इष्ट.

उद्योगात मात्र निवळीतील प्रथिने दाबाखाली पटलांतून गाळून दाट करतात.