बल्बचा रोध किती, 40 ओहम की 529?

100 वॉटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमधून काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. आकडा 40 ओहमच्या आसपास येतो. आता शाळेतलं सूत्र लावा. व्होल्टेजला रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते: 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअर. व्होल्टेज गुणिले धारा म्हणजे शक्ती. ती येते 1,300 वॉटच्या वर. एवढी तर साध्या इस्त्रीलाही लागत नाही! मग बल्बवर छापलेले 100 वॉट खोटे, की ओहमचा नियम चुकला? दहावीतल्या मुलांनी हा प्रश्न विचारला, तर त्याला 'पुस्तकात आहे तसं लिहा' हे उत्तर देऊ नये.

उलट बाजूने हिशेब करू. 100 वॉट भागिले 230 व्होल्ट म्हणजे 0.435 अँपिअर. 230 ला त्याने भागलं की 529 ओहम. दोन्ही आकडे खरे आहेत: 40 गार तारेचा, 529 पेटलेल्या तारेचा.

बल्बमधली तार टंगस्टनची. पेटल्यावर तिचं तापमान 2,500 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. धातूतले अणू तापले की जोराने कंप पावतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारे इलेक्ट्रॉन वारंवार विखुरले जातात. हाच वाढलेला रोध. केल्व्हिनमध्ये मोजलं तर तापमान साधारण नऊपट होतं, पण टंगस्टनचा रोध त्याहून वेगाने, तेरा-चौदा पट वाढतो. आणि यातच खरी गंमत आहे: धारा वाढली की तार तापते, तापली की रोध वाढतो, रोध वाढला की धारा आवरली जाते. बटण दाबल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत तार स्वतःच 100 वॉटवर येऊन स्थिरावते.

बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडतो, तेही यातून कळतं. टंगस्टनची वाफ होऊन जुनी तार एखाद्या जागी बारीक झालेली असते. तिथे रोध जास्त. सगळ्या तारेतून धारा एकच, आणि उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने निर्माण होते. सुरुवातीच्या त्या मोठ्या धारेत नेमकी तीच जागा आधी वितळते.

गीझरच्या कॉइलमधली निक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार मात्र असं करत नाही. तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. 2,000 वॉटच्या गीझरला 8.7 अँपिअर लागतात, म्हणून रोध साधारण 26.5 ओहम, आणि गार असताना मोजला तरी जवळपास तेवढाच. आता व्होल्टेज 200 वर उतरलं तर? धारा 7.6 अँपिअर, शक्ती फक्त 1,500 वॉटच्या आसपास. व्होल्टेज 13 टक्के घटलं, शक्ती 24 टक्के. कारण दोन्ही बाजू एकदम घटल्या, व्होल्टेजही आणि धाराही. 'व्होल्टेज डाऊन असलं की बिल कमी येतं' असं मानणाऱ्यांनी पुढचं पाहावं: पाणी तेवढंच तापवायला एक तृतीयांश वेळ जास्त लागतो, त्यामुळे युनिट वाचत नाहीत.

प्लगमध्ये खोचायच्या 'वीजबचत' डब्यांची जाहिरातही याच कसोटीवर तपासा. आत सहसा एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक असतो. तो शेजारच्या प्लगला लावल्याने गीझरला मिळणारं व्होल्टेज बदलत नाही, कॉइलचा रोधही बदलत नाही. मग शक्ती कशी कमी होणार? घरगुती मीटर तर प्रत्यक्ष खर्च झालेले किलोवॉट-तास, म्हणजे युनिटच मोजतो.