‘शुक्रवारपर्यंत पाणी’ म्हणजे नक्की कधी? बातमीतल्या ‘बाय’ आणि ‘अनटिल’ची पार्श्वभूमी

टेलिप्रिंटरवर (तारेने आलेली बातमी छापणाऱ्या यंत्रावर) इंग्रजी मजकूर यायचा आणि रात्रपाळीचा उपसंपादक तो मराठीत उतरवून अक्षरजुळणीला द्यायचा, तेव्हापासून इंग्रजीतल्या ‘बाय’ (by) आणि ‘अनटिल’ (until) या दोन्हींचे काम एकटा ‘पर्यंत’ करतो आहे. पूर्ण वाक्यात क्रियापद अर्थ सांभाळून घेते. ‘काम शुक्रवारपर्यंत संपेल’ ही मुदत झाली, म्हणजे ‘बाय’; ‘शुक्रवारपर्यंत चालेल’ हा कालावधी, म्हणजे ‘अनटिल’.

मथळ्यात मात्र जागेसाठी पहिली कात्री क्रियापदालाच लागते. ‘जतला शुक्रवारपर्यंत पाणी’ असा मथळा घ्या. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, शुक्रवारपर्यंत पोहोचणार, की शुक्रवारी बंद होणार? पहिला अर्थ धरणारा शेतकरी वाट पाहील, दुसरा धरणारा आज रात्रीच पिकाला पाणी देऊन घेईल. मुदतीसाठी ‘च्या आत’ वापरा, असा एक आग्रह असतो. पण ‘शुक्रवारच्या आत’ म्हटले की वाचक गुरुवारच धरतो. ‘बाय फ्रायडे’त शुक्रवारही येतो. म्हणून ‘शुक्रवारपर्यंत पोहोचणार’ हेच बरोबर. एक शब्द वाढतो, तो वाढू द्यावा.

शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, हा वाद कायद्याने कधीच मिटवला आहे. 1897 च्या ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’मध्ये, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या कायद्यात, ‘फ्रॉम’ने पहिला दिवस वगळला जातो, ‘टू’ने शेवटचा धरला जातो. बातमी वाचणाऱ्या पालकाला तो नियम कुठून ठाऊक असणार? ‘शाळा सोमवारपर्यंत बंद’पेक्षा ‘शाळा मंगळवारी उघडणार’ लिहावे.

2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. अशा वेळी ‘बाय’ आणखी फसवतो, कारण तो वेळही सांगतो आणि वाढही. कोयना धरणाचे दरवाजे दीड फुटावर असताना ‘बाय थ्री फीट’, म्हणजे आणखी तीन फुटांनी, उचलले, तर ते साडेचार फुटांवर जातात. घाईत ‘तीन फुटांवर’ लिहिले की दीड फुटाचा फरक पडतो. ‘इन सिक्स अवर्स’चेही तसेच. पाणी सहा तासांनी येणार असेल तर ‘सहा तासांत’ लिहू नये. त्याचा अर्थ तासाभरातही येईल असा होतो.

पावसाचे आकडे तर रोज चुकतात. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे मंगळवारी सकाळी मिळालेला महाबळेश्वरचा आकडा बहुतांशी सोमवारच्या पावसाचा असतो. त्याला ‘मंगळवारी पडलेला पाऊस’ म्हणू नये. ‘मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत’ असेच लिहावे.