कॅन्सस-नेब्रास्का कायदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गुलामगिरीच्या प्रश्नाला यादवी युद्धाच्या (१८६१–६५) वाटेवर नेणारा संघीय कायदा. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन पिअर्स याने ३० मे १८५४ रोजी त्यावर सही केली. या कायद्याने मिसूरी नदीच्या पश्चिमेस कॅन्सस व नेब्रास्का हे दोन प्रदेश (राज्याचा दर्जा अद्याप न मिळालेले मुलूख) निर्माण झाले. तेथे गुलाम ठेवू द्यावेत की नाही, हा निर्णय वसाहतवाल्यांवर सोपविण्यात आला आणि १८२० च्या मिसूरी तडजोडीने या भूभागात घातलेली गुलामगिरीची बंदी उठली.

मिसूरी तडजोडीने मिसूरीला गुलामगिरीसह व मेनला गुलामगिरीविना राज्याचा दर्जा दिला होता. फ्रान्सकडून १८०३ मध्ये विकत घेतलेल्या लुइझियाना मुलखापैकी मिसूरी वगळता ३६° ३०′ अक्षांशाच्या उत्तरेकडील भागात गुलामगिरीस कायमची मनाई केली होती. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखावरून पुन्हा तंटा झाला, तेव्हा १८५० मध्ये दुसरी तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य ठरले. त्याच्या मोबदल्यात पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा पूर्वीपेक्षा कडक करण्यात आला. जुन्या अक्षांशरेषेला मात्र कोणी हात लावला नव्हता.

विधेयकाचा उगम हा वादाचा विषय आहे. ते मांडणारा इलिनॉयचा सिनेटर स्टीव्हन डग्लस हा सिनेटच्या प्रदेशविषयक समितीचा अध्यक्ष होता. नेब्रास्काला शासन द्यावे म्हणून त्याने १८४४ पासूनच प्रयत्न चालविले होते. शासन नाही म्हणून जमिनीची मोजणी व विक्री नाही, आणि ती नाही म्हणून पॅसिफिककडे जाणारा लोहमार्ग नाही, अशी ही अडचण होती. हा मार्ग शिकागोहून निघावा, अशी डग्लसची इच्छा होती. शिकागोत त्याच्या जमिनीही होत्या. दक्षिणेकडील मार्गाचे पुरस्कर्ते स्वस्थ नव्हते. त्या मार्गासाठी लागणारी जमीन मेक्सिकोकडून घेण्याच्या करारावर डिसेंबर १८५३ च्या अखेरीस सह्या झाल्या होत्या. या पुराव्यावरून फ्रँक हॉडर या इतिहासकाराने लोहमार्ग हेच विधेयकाचे मूळ कारण मानले. त्याआधी ओरमन रे याने मिसूरीतील पक्षांतर्गत भांडणावर भर दिला होता. सिनेटर डेव्हिड अ‍ॅचिसन व त्याचा प्रतिस्पर्धी टॉमस हार्ट बेंटन यांच्या चढाओढीत अ‍ॅचिसनला मिसूरी तडजोड मोडून हवी होती आणि त्याच्याच आग्रहाने ती मोडली गेली, असे रेचे प्रतिपादन होते.

दोन्ही मतांत तथ्य आहे; पण मार्च १८५३ मधील प्रसंग अधिक बोलका आहे. गुलामगिरीचा उल्लेखही नसलेले नेब्रास्का विधेयक तेव्हा प्रतिनिधिगृहात संमत होऊन सिनेटमध्ये अडले आणि विरोधातील बहुतेक मते दक्षिणेची होती. बंदी उठविल्याशिवाय दक्षिणेची मते मिळणार नाहीत, हे डग्लसला तेथेच कळून चुकले असावे. लोहमार्गाने विधेयक का आले ते कळते. बंदी का उठली, याचे उत्तर गुलाममालकांच्या मागणीतच शोधावे लागते.

जानेवारी १८५४ मधील घडामोडी याला पुष्टी देतात. ४ जानेवारीला मांडलेल्या मसुद्यात मिसूरी तडजोडीबद्दल मौन होते. १० तारखेला एक जादा कलम वृत्तपत्रात छापून आले. लेखनिकाच्या चुकीने ते आधी गळाले होते, असा खुलासा करण्यात आला. गुलामगिरीचे प्रश्न तेथील रहिवाशांनी प्रतिनिधींमार्फत सोडवावेत, असे त्यात म्हटले होते. १६ तारखेला केंटकीचा आर्चिबाल्ड डिक्सन याने बंदी सरळ रद्द करण्याची सूचना दिली. ही सूचना स्वीकारताना यातून मोठे वादळ उठेल, असे डग्लस म्हणाल्याचे सांगतात. तो वृत्तांत नंतरच्या आठवणींवर आधारलेला असल्याने जपून घ्यावा लागतो. रविवार, २२ जानेवारी रोजी युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस याच्या मध्यस्थीने डग्लस व दक्षिणेचे पुढारी पिअर्सला भेटले आणि दुसऱ्या दिवशी दोन प्रदेशांचे नवे विधेयक सभागृहापुढे आले.

कायद्याचा कच्चा दुवा त्याच्या शब्दयोजनेत होता. लोकांनी आपल्या ‘घरगुती संस्था’ (म्हणजे मुख्यतः गुलामगिरी) संविधानाच्या अधीन राहून आपल्या मर्जीप्रमाणे ठरवाव्यात, असे त्यात म्हटले होते. पण कधी ठरवाव्यात, हे सांगितले नव्हते. प्रदेशाच्या पहिल्याच विधिमंडळाला गुलामगिरी बंद करता येईल, असे उत्तरेतील डेमोक्रॅट सांगत. राज्याचे संविधान तयार होईपर्यंत कोणालाही ती बंद करता येणार नाही, असे दक्षिणेचे म्हणणे होते. ही संदिग्धता हेतुपुरस्सर ठेवलेली होती, कारण तिच्याविना बहुमत जुळले नसते. सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४ व प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १०० मतांनी विधेयक संमत झाले.

उत्तरेत संतापाची लाट उसळली. डेमोक्रॅटांचा प्रतिस्पर्धी व्हिग पक्ष मोडला, रिपब्लिकन पक्ष उदयास आला आणि राजकारणातून बाजूला झालेला एब्राहम लिंकन पुन्हा व्यासपीठावर आला. विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्या उत्तरेतील ४४ डेमोक्रॅट प्रतिनिधींपैकी पुढील निवडणुकीत अवघे ७ निवडून आले.

कॅन्ससमध्ये मतपेटीची जागा बंदुकीने घेतली. ३० मार्च १८५५ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. त्याआधीच्या शिरगणतीनुसार पात्र मतदार २,९०५ होते. मते पडली सहा हजारांवर. मिसूरीतून सशस्त्र टोळ्या नदी ओलांडून येत, मते टाकीत आणि परत जात. त्यातून गुलामगिरीची बाजू घेणारे एक व विरोधकांचे टोपीका येथील दुसरे, अशी दोन सरकारे उभी राहिली. २१ मे १८५६ रोजी लॉरेन्स हे गाव लुटले गेले. दुसऱ्या दिवशी खुद्द सिनेटच्या सभागृहात दक्षिण कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठीने रक्तबंबाळ केले. २४ मेच्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन व त्याच्या साथीदारांनी पॉटावॉटमी ओढ्यालगत पाच जणांना ठार मारले. कॅन्ससमधील या संघर्षातील मृतांचा आकडा पूर्वी दोनशेच्या आसपास धरीत. अलीकडच्या मोजणीत १५७ हिंसक मृत्यूंपैकी ५६ राजकीय कारणांचे ठरतात, आणि हीच मोजणी अधिक विश्वसनीय दिसते.

ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात (१८५७) सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याच्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकारच नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे गुलामगिरीचा निर्णय प्रदेशातील लोकांनीच घ्यावा, हे डग्लसचे लोकसार्वभौमत्वाचे तत्त्वही लंगडे पडले. कॅन्ससवर लादू पाहिलेल्या, गुलामगिरीला मान्यता देणाऱ्या लेकॉम्प्टन संविधानाला त्याने विरोध करताच दक्षिणेने त्याला टाकले. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला व लिंकन निवडून आला. सिनेटने कॅन्ससला राज्य करण्याचे विधेयक २१ जानेवारी १८६१ रोजी संमत केले, त्याच दिवशी आता मिसिसिपीचा सिनेटर असलेल्या डेव्हिससह, संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अनेक सिनेटर निरोप घेऊन बाहेर पडले. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे नंतर पुष्कळांनी मांडले. परंतु मिसिसिपीच्या फुटीच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीशीच आपले हित बांधलेले असल्याचे स्वच्छ म्हटले आहे.

ज्या जमिनीसाठी हा झगडा झाला, तेथे डेलावेअर, शॉनी इ. जमातींना पूर्वेकडून हलवून वसविण्यात आले होते. १८५४ च्या करारांनी त्यांची बरीचशी भूमी गेली. १८६० च्या जनगणनेत कॅन्ससमध्ये गुलाम म्हणून नोंदलेली माणसे २ व नेब्रास्कात १५ होती. सबंध देशात ती सुमारे ३९.५ लाख होती.

युद्धकाळात अमेरिकी कापूस अडल्याने मुंबईच्या बाजारात व वऱ्हाड-खानदेशात तेजी आली. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतील सट्टा कोसळला. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ (१८७३) अर्पण केला आहे.