खानदेशातली कपाशी: औषधाच्या वादामागे लागवडीची तारीख

जळगाव, धुळे, नंदुरबारात सेंद्रिय की रासायनिक हा वाद निघाला की बोलणे औषधाच्या बाटलीवरच अडकते. कपाशीवरचे फवारे वाढले ते वाण आणि लागवडीची वेळ बदलल्यामुळे. सुरुवात तिथूनच करायला हवी.

देशी कपाशीचा धागा आखूड, पण तुडतुड्यांना ती सहसा दाद देत नसे. 1970 मध्ये सुरतहून एच-4 हा पहिला संकरित वाण आला आणि पुढे अमेरिकन कपाशीचे संकर पसरले. उत्पादन वाढले, रसशोषक किडीही वाढल्या. 1980 च्या दशकात सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधे आली. आधी बोंडअळी झटक्यात मरायची. पण त्याच फवाऱ्यात किडी खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकही जायचे, मागून पांढरी माशी उसळायची. हिरव्या बोंडअळीत प्रतिकारशक्ती आली, तशी मात्रा वाढली आणि एका पंपात दोन-तीन औषधे मिसळण्याची सवय लागली.

2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणांना, परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-2 आले. बोंडअळीचे फवारे खरोखर कमी झाले. सेंद्रियचा आग्रह धरणाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे. गुलाबी बोंडअळीने मात्र दोन्ही जनुके पचवली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. डोक्यावर गेलेली कपाशी, मिश्रण, तोंडाला नुसता रुमाल: हे आपल्याकडेही रोजचेच.

गुलाबी बोंडअळीला खानदेशचे वेळापत्रक फार सोयीचे पडते. रावेर, यावल, चोपड्याकडे ठिबकवर मे महिन्यातच कपाशी लागते, तिला जुलैच्या सुरुवातीला पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, येतात. कोरडवाहू जूनअखेरची, तिच्या पात्या ऑगस्टमध्ये. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन लांबवलेली कपाशी, मार्चपर्यंत चालते. कोषातून लवकर निघालेल्या पतंगाला पात्या मिळाल्या नाहीत तर त्याची पिढी तिथेच खुंटते. पूर्वहंगामी कपाशी त्याला त्या आयत्या देते. म्हणून बीटी बियाणे 1 जूनआधी विकू नये, असा निर्बंध राज्यात काही वर्षे होता. अळी एकदा बोंडात शिरली की निंबोळी अर्क असो वा रासायनिक औषध, तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी पडलेली असते.

मोजणी अवघड नाही. एकरी 20 झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून फोडायचे. दोनांत अळी निघाली तर 10 टक्के नुकसान, म्हणजे उपाय करण्याची वेळ. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तोच इशारा.

निंबोळी अर्क फसतो तो बहुधा बनवताना. पाच किलो निंबोळीची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून 200 ग्रॅम साबणाचे एक लिटर पाणी मिसळावे आणि एकूण 100 लिटर करावे. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारावा. उन्हात निंबोळीतले कीडनाशक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, लवकर निकामी होते. रसशोषक किडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांवर तो चालतो, बोंडातल्या अळीवर नाही.

प्रमाणित सेंद्रियची अडचण वेगळीच. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ आहे आणि त्या काळात माल साध्याच भावाने जातो. बीटी बियाणे चालत नाही आणि बिगर-बीटी सहज मिळत नाही. शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याने येतो, म्हणून बांधालगतचा पट्टा सोडावा लागतो. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातल्या निमाडात सेंद्रिय कापूस 1990 च्या दशकापासून पिकतो, तो गटाने. एकट्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही.

डिसेंबरअखेर कपाशी मोडून शेळ्या-मेंढ्या चारल्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) शेतातून हलवल्या तर अळीची साखळी तुटते. पण पऱ्हाटी हेच अनेक घरांचे जळण आहे, आणि फेब्रुवारीत भाव चढला की फरदड मोडायला हात होत नाही. एका शेतात मोडून उपयोगही थोडाच, कारण पतंग शेजारच्या फरदडीतून सेंद्रिय आणि रासायनिक अशा दोन्ही शेतांत सारखाच उतरतो.